जमीन चालली की जनावर?

कोनमध्ये कधी डायनासोरचं हाड सापडलेलं नाही, आणि सहजी सापडणारही नाही. भिवंडीहून कल्याणकडे येताना दुर्गाडीच्या पुलाच्या अलीकडे, खाडीला लागून असलेलं हे गाव ज्या काळ्या पाषाणावर बसलं आहे, तो थिजलेला लाव्हा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि हा लाव्हा थरावर थर पसरत गेला. कळसूबाईच्या माथ्यापर्यंत पाहत गेलं तर दीड किलोमीटरहून जास्त जाडीचे थर डोळ्यांना दिसतात. लाव्हा येण्याआधी इथे जी जमीन होती, तिच्यावर जे काही चाललं, धावलं, अंडी घालून गेलं, ते सगळं या दगडाखाली गेलं.

विदर्भात गोष्ट वेगळी आहे. तिथे लाव्हाची कड येते, थर पातळ होतात, आणि त्यांच्या खालचा गाळ उघडा पडतो. चंद्रपूर जिल्ह्यातलं पिजदुरा, त्याच्याजवळचं डोंगरगाव, नागपूरच्या अंगाला असलेली टाकळी ही गावं जगभरच्या जीवाश्म-अभ्यासकांना ठाऊक आहेत. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच तिथली हाडं गोळा करायला सुरुवात केली होती. याच गाळाच्या पट्ट्यात पुढे उत्तरेला जबलपूर येतं, आणि ज्या प्राण्यावरून आमच्या घरात वाद पेटला तो तिथला.

त्याचं नाव लेव्हिसूकस. जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर चार्ल्स मॅटली यांनी १९१७ ते १९१९ या काळात खणून काढलेल्या हाडांमधून तो ओळखला गेला. फॉन ह्युन आणि मॅटली यांनी १९३३ साली त्याचं वर्णन छापलं. हाती होते मानेचे तीन मणके आणि पाठीचा एक. तेवढ्यावरून कळतं ते इतकंच, की दोन पायांवर चालणारा, हलक्या अंगाचा, नाकापासून शेपटीपर्यंत जेमतेम दोन मीटर लांबीचा हा मांसाहारी कुळातला डायनासोर होता. या कुळातल्या दोन पायांच्या डायनासोरांना थेरोपॉड म्हणतात. टायरॅनोसॉरसही थेरोपॉडच, आणि अंगणातली कोंबडीही त्याच कुळाची वारस. लेव्हिसूकसचं घराणं नोआसॉरिड. या घराण्याला ज्याच्यावरून नाव पडलं तो नोआसॉरस अर्जेंटिनात सापडला, १९८० साली त्याचं वर्णन झालं. तिसरा भाऊबंद मासियाकासॉरस, मादागास्करच्या वायव्येला, २००१ साली जगापुढे आला. तिघेही जवळपास एकाच काळातले, डायनासोरांच्या अखेरच्या पर्वातले. आणि तिघांच्या मधे तेव्हाही समुद्र होते.

मग हे घराणं इतकं लांब-लांब कसं पांगलं?

माझा धाकटा भाऊ भूगर्भशास्त्र शिकला आणि बोअरवेलच्या धंद्यात पडला. कोनच्या गोदामांपासून पडघ्यापर्यंत त्याची रिग फिरलेली आहे. माझी लेक प्राणिशास्त्रात एमएस्सी करते. भावाच्या मते जमीन फुटली आणि जनावरं जिथल्या तिथे राहिली. लेकीच्या मते जनावर थांबत नाही, वाट मिळेल तिथून जातं. दोघंही अभ्यास करून बोलतात, म्हणून हा वाद मला लिहून ठेवावासा वाटला. मध्ये मध्ये मीही बोलले आहे, ते जागच्या जागी येईलच.

भावाने सुरुवात केली. "घराची वाटणी झाली की आजीची तांब्याची भांडी चार भावांकडे जातात. पन्नास वर्षांनी चारही घरांत तसलाच हंडा दिसला, म्हणून कुणी रात्री हंडा घेऊन गावोगाव फिरलं असं म्हणणार का? नोआसॉरिडांचं तसंच आहे. दक्षिणेकडचे सगळे खंड एकत्र होते, तेव्हापासून हे घराणं सगळीकडे नांदत होतं. खंड फुटले, ज्याच्या वाट्याला जे आलं ते तिथे राहिलं."

"वाटणीची तारीख सांग," लेक म्हणाली.

"सांगतो. भारत आणि मादागास्कर मिळून आफ्रिकेपासून सुटायला लागले साधारण सोळा कोटी वर्षांपूर्वी. अंटार्क्टिकापासून सुटले तेरा-बारा कोटींच्या सुमाराला. मग भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून तुटले ८ कोटी ८० लाखांच्या आसपास. त्या तुटण्याचा दगड पाहायचा असेल तर उडुपीजवळ मालप्याच्या समोरच्या सेंट मेरी बेटांवर जा. तिथले खांबासारखे उभे दगड त्याच वेळच्या लाव्हाचे आहेत, आपल्या दख्खनच्या लाव्हाहून दोन कोटी वर्षांनी जुने."

"तेच तर. लेव्हिसूकस जगला तो ६ कोटी ७०-६० लाखांच्या सुमाराला. म्हणजे मादागास्करशी संबंध तुटून दोन कोटी वर्षं होऊन गेली होती. दोन कोटी वर्षांत काय होत नाही, मामा? इतका वेळ वेगळं राहून ती एकाच घराण्यातली म्हणून ओळखू येतात, हे तुला खटकत नाही?"

"ओळखू येतात, पण सारखी नाहीत. मासियाकासॉरसचा जबडा बघ."

त्याने मोबाईलवर चित्र काढून पुढे केलं. मीही वाकून पाहिलं. खालच्या जबड्याचे मागचे दात नेहमीसारखे उभे, चपटे, कातरणारे. पण पुढे पुढे येताना ते कलत गेलेले, आणि अगदी टोकाचे दात जवळजवळ आडवे, तोंडाबाहेर डोकावणारे. मासे, किडे, बारीक जनावरं टिपायला असे दात उपयोगी पडत असावेत असं अभ्यासक सांगतात. असा जबडा डायनासोरांत विरळाच.

"हे दोन कोटी वर्षांचं वेगळेपण," भाऊ म्हणाला. "सारखेपणा जुना, वेगळेपण नवं. आणि घराणं किती जुनं ते विचार. चीनमध्ये २००९ साली लिमुसॉरस नावाचा प्राणी वर्णन केला गेला, सोळा कोटी वर्षांपूर्वीचा. लहानपणी त्याला दात असत आणि मोठेपणी एकही दात उरत नसे. तो या घराण्यातलाच किंवा त्याला अगदी लागून असलेला. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावर मानेचा एकच मणका मिळाला, २०२० साली त्याचं वर्णन आलं, तो अकरा कोटींच्या आसपासचा. आणि २०२४ साली थेट सायबेरियातून कियाकर्सर आला. नोआसॉरिड म्हणून. सायबेरिया! म्हणजे हे लोक जगभर होते, खंड नीट फुटायच्या आधीपासून. मग समुद्र ओलांडायची गरजच कुणाला?"

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण भावाच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. प्राणी पांगले कसे, हे विचारताना आपण बहुतेक वेळा नकाशा पाहतो. पाहायला हवी ती तारीख. घराण्याचा जन्म समुद्र तयार होण्याच्या आधीचा असेल तर प्रवासाची गोष्ट रचायचं कारण उरत नाही. नंतरचा असेल तर मात्र कुणी तरी, कसं तरी, पाणी पार केलं हे मान्य करावं लागतं. नोआसॉरिडांचा जन्म आधीचा आहे असं आज हाडं सांगतात.

लेकीला हे मान्य होतं, पण तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. "घराणं जुनं, ठीक. पण घराण्याच्या आतल्या फांद्यांचं काय? नोआसॉरिडांचे मोठे भाऊ बघ, अबेलिसॉरिड. आपल्याकडे गुजरातमध्ये रैयोलीचा राजासॉरस, २००३ साली नाव मिळालेला. मादागास्करमध्ये मजुंगासॉरस. बऱ्याच विश्लेषणांत हे दोघं एकमेकांचे जवळचे येतात. इथपर्यंत तू म्हणशील, भारत-मादागास्कर शेवटपर्यंत जोडलेले होते, म्हणून. पण २०१३ साली दक्षिण फ्रान्समधून आर्कोव्हेनेटर आला, आणि तोही याच फांदीवर जाऊन बसला. फ्रान्स! तेव्हाचा युरोप म्हणजे बेटांचा पुंजका. भारत, मादागास्कर आणि फ्रान्स यांची वाटणी कधी झाली होती, मामा?"

भाऊ थोडा गप्प झाला. मग म्हणाला, "मध्ये आफ्रिका आहे."

"आफ्रिकेत त्या काळचं काय सापडलंय?"

"मोरोक्कोत चेनानिसॉरस मिळाला ना, २०१७ साली. तोही अबेलिसॉरिड."

"तो मोरोक्कोतला. आफ्रिकेचा उरलेला सगळा खंड त्या वेळच्या हाडांबाबत जवळजवळ कोरा आहे. तू कोऱ्या पानावर तुझं उत्तर लिहितोयस."

"आणि तू?"

"मीही. पण मी ते कबूल करते."

भाऊ चिडला नाही. त्याने दुसरं टोक धरलं. मादागास्करच्या हाडांवर काम करणाऱ्यांनी १९९८ साली एक तोड सुचवली होती. भारत आणि मादागास्कर यांची दक्षिण अमेरिकेशी दोस्ती दिसते, आफ्रिकेशी कमी दिसते. तेव्हा दक्षिणेकडून, अंटार्क्टिकामार्गे, जमिनीची वाट शिल्लक असावी. आज दक्षिण हिंदी महासागरात बुडालेलं केर्गेलेन पठार तेव्हा पाण्यावर होतं आणि त्याच्यावरून जनावरं ये-जा करत होती, अशी ती कल्पना. भावाला ती आवडते, कारण त्यात जनावर चालतं पण जमिनीवरूनच.

लेकीने ती एका दमात खोडली. "२००९ साली जेसन अली आणि जोनाथन एचिसन यांनी समुद्रतळाचा हिशेब मांडला. केर्गेलेनचे काही भाग पाण्यावर होते, पण सलग वाट नव्हती. मध्ये रुंद, खोल पाणी होतं. म्हणजे तिथेही पोहणं किंवा वाहून जाणं आलंच. पूल काढायचा असेल तर तो समुद्राच्या तळाने मान्य केला पाहिजे, आपल्या सोयीने नाही."

तिचं हे म्हणणं मला फार पटतं, आणि त्याला इतिहासही आहे. १८६४ साली फिलिप स्क्लेटर या प्राणिशास्त्रज्ञाला मादागास्करचे लेमूर आणि भारतातले त्यांचे नातलग यांची संगती लागेना. त्याने हिंदी महासागरात एक बुडालेला खंड कल्पिला आणि त्याला लेमुरिया नाव दिलं. खंड सरकतात हे आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली मांडेपर्यंत, आणि त्यानंतरही कित्येक वर्षं, प्राण्यांची अडचण आली की समुद्रात जमीन उभी करायची आणि काम झालं की बुडवायची, हा रिवाजच होता. आज आपल्याकडे समुद्रतळाचे नकाशे आहेत, चुंबकीय पट्टे आहेत, दगडांची वयं आहेत. तरीही एखादा सोयीचा पूल काढायचा मोह सुटत नाही. माझ्या भावालाही नाही.

"बरं, पूल नाही," तो म्हणाला. "मग तुझी वाट कुठली?"

"पाणी."

तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. पावसाळ्यात दुर्गाडीच्या पुलावर उभं राहिलेल्या कुणालाही हे दृश्य नवं नाही. उल्हास नदीत वरच्या अंगाला माजलेली जलपर्णी पुराबरोबर सुटते आणि तिचे मोठेमोठे हिरवे तराफे खाडीकडे वाहू लागतात. त्यांच्यावर बगळे बसलेले असतात, ते उडून जातील. पण मुळांच्या गुंत्यात बेडूक असतात, गोगलगाई असतात, दिवड असते. ही मंडळी उडणारी नव्हेत. कुणी खाडीच्या पलीकडच्या काठाला लागतं, कुणी भरतीत अडकतं, बहुतेक मरतात. "जलपर्णी स्वतः दक्षिण अमेरिकेतली, ती माणसाने आणली," लेक म्हणाली. "पण तराफा माणसाने शोधलेला नाही. १९९५ साली कॅरिबियनमध्ये लुईस आणि मेरिलिन ही दोन चक्रीवादळं आली. त्यानंतर अँग्विला बेटावर उन्मळून पडलेल्या झाडांच्या गुंत्यावर बसून कमीत कमी पंधरा हिरवे इग्वाना येऊन लागले. त्या बेटावर ते पूर्वी नव्हते. कोळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. आणि दक्षिण अमेरिकेतली माकडं कुठून आली? आफ्रिकेतून. अटलांटिक ओलांडून. मादागास्करचे लेमूरही मोझांबिकची सामुद्रधुनी पार करूनच आले. तिथे हे चालतं, मग डायनासोरांनाच बंदी का?"

"कारण इग्वानाला महिनाभर खायला नसलं तरी चालतं. थंड रक्ताचं जनावर, ऊर्जा कमी लागते. लेमूरांचे पूर्वज मुठीएवढे असतील, झाडाच्या ढोलीत सुस्त पडून राहणारे. दोन मीटरचा धावणारा थेरोपॉड, गरम अंगाचा, त्याला रोज शिकार हवी, गोडं पाणी हवं. तो तराफ्यावर आठवडाभर काढेल?"

"मोठा नाही काढणार. पिल्लू काढेल. डायनासोरची पिल्लं अंड्यातून बाहेर येताना किती लहान असत ते तुला माहीत आहे. आणि थेरोपॉड पोहतही असत. स्पेनमध्ये ला रिओहा प्रांतात २००७ साली एक माग जगापुढे आला. पंधरा मीटरच्या पट्ट्यात बारा ओरखडे. पावलांचे ठसे नाहीत, नुसते ओरखडे. पाण्यात तरंगत, पायाच्या नख्यांनी तळ ओरबाडत थेरोपॉड गेला होता, प्रवाहाच्या विरुद्ध जोर लावत."

"तिथलं पाणी किती खोल होतं?"

"तीन मीटरच्या आसपास."

"मग तो आपल्या खाडीएवढं पाणी पार करेल. मोझांबिकची सामुद्रधुनी चारशे किलोमीटरची आहे."

"अजनबिया आठव," ती ठामपणे म्हणाली. मोरोक्कोतल्या फॉस्फेटच्या खाणींत सापडलेल्या जबड्यावरून २०२० साली या बदकचोच्या डायनासोरचं वर्णन झालं. त्याचं घराणं मुळात उत्तरेचं, उत्तर अमेरिका, आशिया आणि युरोपातलं. तेव्हा आफ्रिकेला चारी बाजूंनी समुद्र होता. संशोधकांनी स्पष्ट लिहिलं की हे जनावर पाणी पार करूनच आलं असणार.

इथे भावाने मान डोलावली. "अजनबिया मान्य. एकाने समुद्र पार केला, ते सिद्ध झालं. म्हणजे डायनासोर समुद्र पार करूच शकत नव्हते, असं मी म्हणणार नाही. पण अजनबिया आफ्रिकेत आला, भारतात आला नाही. आपल्याकडे बदकचोचे नाहीत, शिंगांचे डायनासोर नाहीत. तुझी पाण्याची वाट इतकी खुली असती तर पिजदुऱ्याच्या मातीत त्यांची हाडं दिसायला हवी होती. तिथे काय दिसतं? मोठ्या मानेचे सॉरोपॉड, आपल्या दक्षिणेच्या वळणाचे. डोंगरगावचा इसिसॉरस घे. आणि सापसुद्धा दक्षिणेचेच. २०११ साली पिजदुऱ्याच्या नावाने एका सापाचं नामकरण झालं, मॅडट्सोइया पिसदुरेन्सिस. त्याचा सख्खा चुलता मादागास्करला."

"कल्लमेडूचा दात विसरलास."

"कुठला?"

"तामिळनाडूत, कावेरी खोऱ्यात. २०१३ साली तिथून एका ट्रूडॉन्टिडाचा दात नोंदवला गेला. लहान थेरोपॉड, उत्तरेचं घराणं. भारतात."

"एक दात," भाऊ म्हणाला. "बाळा, एका दातावर खंड जोडू नकोस. थेरोपॉडांचे दात एकमेकांना फसवे असतात. नोआसॉरसचीच नखी घे. सुरुवातीला ती पायाची विळ्यासारखी नखी समजली गेली, व्हेलॉसिरॅप्टरसारखी. नंतर लक्षात आलं की ती हाताची आहे. कुठल्या अवयवाची हेच चुकलं होतं, मग घराणं ठरवणं तर लांबच."

त्याचा हा इशारा नुसता वाद जिंकण्यासाठी नव्हता. थेरोपॉड जितका लहान, तितकी त्याची हाडं पोकळ आणि पातळ. ती वाहताना मोडतात, चिखलात चुरगळतात, खणताना निसटतात. मोठ्या सॉरोपॉडची मांडी नांगराला अडते, शेतकऱ्याला दिसते. लेव्हिसूकसचा मणका बोटाच्या पेरांत मावेल इतका. शिवाय सापडलेलं टिकतंच असं नाही. मॅटलींच्या खोदकामातून संग्रहात गेलेल्या लहान थेरोपॉडांच्या हाडांपैकी कित्येक पुढे हाती लागेनाशी झाली. ज्यांच्यावरून जातींना नावं दिली, तीच. मला याचं मनापासून वाईट वाटतं. डोंगर पोखरून, शंभर वर्षं जपून ठेवायला म्हणून दिलेलं हाड एखाद्या कपाटातून नाहीसं होतं, तेव्हा त्या प्राण्याबद्दलचा पुढचा प्रत्येक वाद चित्रांवर लढावा लागतो. म्हणूनच नागपूरचे धनंजय मोहबे आणि बंदना सामंत यांनी जेफ्री विल्सन आणि सहकाऱ्यांबरोबर भारतातल्या लहान थेरोपॉडांचा अलीकडे जो फेरआढावा घेतला, तो मला मोठ्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो. त्यात नोआसॉरिडाच्या कवटीचे नवे अवशेषही नोंदवले आहेत. १९३३ पासून मणक्यांवर अडलेली गोष्ट तोंडापर्यंत तरी आली.

मी दोघांना मध्येच विचारलं, "डायनासोर बाजूला ठेवा. बेडकाचं काय?"

हा प्रश्न मी मुद्दाम काढला, कारण कोनला सगळ्यात जवळचा असा पुरावा बेडकाचा आहे. मुंबईत वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या दोन थरांमध्ये गाळाची पट्टी होती. लाव्हाच्या दोन लोटांच्या मधल्या शांत काळात तिथे तळं साचलं असावं. त्या पट्टीत इवल्याशा बेडकांचे सांगाडे मिळाले. १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. ज्यांनी 'डायनासोर' हे नाव घडवलं तेच ओवेन. आज त्या बेडकाला इंडोबॅट्रॅकस म्हणतात.

भावाचा चेहरा खुलला. "बेडूक माझ्या बाजूचा साक्षीदार. त्याची कातडी ओलसर आणि झिरपती असते, खाऱ्या पाण्यात तो टिकत नाही. २००३ साली एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसाय यांनी केरळच्या इडुक्कीतून नासिकाबॅट्रॅकस जगापुढे आणला, जांभळा, फुगीर, वर्षातून थोडेच दिवस जमिनीवर येणारा. त्याचे सगळ्यात जवळचे नातलग कुठे? सेशेल्स बेटांवर. आणि सेशेल्स आपल्याच जमिनीचा तुकडा. दख्खनचा लाव्हा ओसरत असताना तो आपल्यापासून सुटला. बेडूक पोहून गेला नाही. जमीन त्याला घेऊन गेली."

"बेडकाला मी हरकत घेत नाही," लेक म्हणाली. "पण मग डेक्कनोलेस्टिसचं काय करशील? १९८८ साली प्रसाद आणि सहानी यांनी तो नोंदवला, आत्ताच्या तेलंगणात नसकलच्या थरातून. उंदराएवढा सस्तन प्राणी, वारेने पिल्लाला पोसणाऱ्या गटाचा किंवा त्याच्या जवळच्या फांद्यांचा. ही मंडळी दक्षिणेची नव्हेत, उत्तरेची. तो कसा आला? भारत आशियाला टेकला साडेपाच ते पाच कोटींच्या सुमाराला. हा त्याच्या आधी एक कोटीहून जास्त वर्षं इथे आहे. म्हणजे वाटेत बेटांची रांग असेल, तराफे असतील, पण पाणी त्याने पार केलं. आणि त्याचं नाव काय ठेवलं? डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी. आपल्या नागपूरच्या हिस्लॉपांवरून."

भावाला यावर लगेच उत्तर सुचलं नाही. तो उठून चहा ओतून आला.

माझं मत मी इथेच सांगून टाकते. एकाच दगडात, एकाच काळात, दोन्ही गोष्टी घडत होत्या. बेडूक आणि साप जमिनीबरोबर आले. डेक्कनोलेस्टिस जमिनीच्या भरवशावर राहिला नाही. लहान थेरोपॉडांना यांतल्या कुठल्या रांगेत बसवायचं, हे त्यांच्या आकारावरून किंवा आपल्या आवडीवरून ठरणार नाही. लेव्हिसूकसपुरतं माझं पारडं भावाच्या बाजूला झुकतं, कारण त्याचं घराणं समुद्रांहून जुनं निघालं. अबेलिसॉरिडांच्या बाबतीत, फ्रान्सपर्यंत पोचलेल्या त्या फांदीमुळे, लेकीचा प्रश्न उभा राहतोच, आणि तो आफ्रिकेने उत्तर दिल्याशिवाय सुटायचा नाही. मादागास्करचा राहोनाव्हिस, १९९८ सालचा, हा तिसराच प्रकार. त्याचे पंख इतके लांब होते की तो उडतही असावा, आणि उडणाऱ्याला समुद्राचा अडसर कमी.

मात्र दोघांचाही सगळ्यात मोठा अडथळा एकच आहे, आणि त्यावर ते दोघेही शेवटी येऊन थांबले. भारतात डायनासोरांच्या अखेरच्या पर्वातली जमिनीवरची हाडं बहुतांश एकाच पातळ थरातून येतात, लाव्हाच्या अगदी आधीच्या. मादागास्कर सुटल्यापासून त्या थरापर्यंतच्या मधल्या काळाचं फारसं काही हातात नाही. म्हणजे नाटकाचा शेवटचा प्रवेश आपण पाहिला आहे, आणि मधला अंक कुणी फाडून नेला आहे. मजुंगासॉरस आणि राजासॉरस यांच्या पूर्वजांची एकमेकांशी गाठभेट कधी तुटली, हे त्या मधल्या अंकात आहे.

"तो मधला अंक आपल्या पायाखाली असला तर?" लेक म्हणाली. "कोकणात लाव्हाच्या खाली काय आहे, कुणी पाहिलंय?"

"त्याच्या खाली जायला किलोमीटरभर दगड पाडावा लागेल," भाऊ म्हणाला. "माझी रिग इतक्या खोल जात नाही. आणि माझ्या बोअरमधून तुला हाड मिळणारही नाही. डीटीएच हॅमर सगळ्याचं पीठ करतो. मुरूम संपला की काळा पाषाण, मग मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा दगड, मग कधी कधी हातभर लाल गेरू. गेरू म्हणजे दोन लाव्हांच्या मधला शांत काळ, तेव्हाची माती भाजलेली. पण ती माझ्या हाती लाल धूळ म्हणून येते. धुळीत काय वाचणार?"

"कोअर काढला तर?"

"कोअर काढला तर गोष्ट वेगळी. हिऱ्याच्या बिटने अख्खा दांडा बाहेर येतो, लाकडी पेट्यांत क्रमाने लावून ठेवतात. पुलांच्या, मेट्रोच्या पायासाठी काढतात तसा. आपल्या कोनगावच्या मेट्रो स्टेशनच्या कामाआधीही जमीन तपासलीच असणार."

"त्या पेट्या पुढे कुठे जातात?"

"काम संपलं की बहुतेक वेळा फेकून देतात."

"फेकू देऊ नकोस," ती म्हणाली. "ओळखीचं कुणी असेल तर सांग. गेरूचा, राखाडी मातीचा तुकडा जरी असला तरी मला दे. पाण्यात भिजवून बारीक चाळणीतून धुवून काढेन. नागपूरकडच्या थरांतून सहानी सरांच्या गटाने बारीक दात, बेडकांची हाडं अशीच मिळवली. हाताने शोधून ती कधीच दिसली नसती."

"वरळीचा थर डायनासोर संपल्यानंतरचा आहे, लक्षात ठेव. इकडे तसलंच काही लागलं तर बेडूक मिळेल, थेरोपॉड नाही."

"बेडूक चालेल. तो कुठल्या फांदीचा ते बघू. तुझ्या बाजूचा निघाला तर तुला फोन करून सांगेन."

"आणि उत्तरेचा निघाला तर?"

"तर घरी येऊन सांगेन. चाळणी किती बारीक लागेल, तेवढं आत्ता बघून ठेवते."